नायकात ख्रिस्त शोधण्याआधी

ख्रिस्तात प्रिय,

सप्रेम सलाम.

चर्चच्या तरुण संघासाठी तू केलेला आराखडा वाचला. दर महिन्याला एक गाजलेला सिनेमा, त्यातून विश्वासाचा एक धडा आणि शेवटी शास्त्रभाग. कल्पना मला मनापासून आवडली. कळवा-मुंब्र्यापासून घोडबंदरपर्यंतची मुलं उपासनेनंतर तासभर थांबायची, तर त्यांच्या जगातलं काहीतरी समोर ठेवायलाच हवं. ज्येष्ठांपैकी कुणी ‘चर्चमध्ये सिनेमा कशाला’ म्हणालं तर त्यांना सांग, दादासाहेब फाळक्यांना सिनेमाची ओढ लागली ती गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहून. १९१३चा ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतरचा. अथेन्समध्ये अरीयपगाच्या टेकडीवर बोलताना पौलाने तिथल्या कवींचाच आधार घेतला होता, हे तर ज्येष्ठांना पाठ असेल.

एक गोष्ट मात्र खटकली. प्रत्येक सिनेमात तू नायकाचा ख्रिस्त केला आहेस. त्याने हात पसरले की वधस्तंभ, मरता मरता वाचला की पुनरुत्थान. मुलं माना डोलावतील आणि घरी जातील. नायक ख्रिस्त झाला की बघणारा आपोआप त्याच्या बाजूचा होतो, मग स्वतःकडे बघायची वेळच येत नाही.

२ शमुवेल १२ पुन्हा काढून वाच. दावीद राजाने उरियाची बायको बळकावून त्याला मारवलं आहे. नाथान संदेष्टा त्याच्याकडे येतो आणि आज्ञा वाचून दाखवण्याऐवजी गोष्ट सांगतो. गरिबाची एकुलती एक कोकरी, त्याच्या घासातला घास खाणारी, त्याच्या उराशी निजणारी. आणि पाहुण्यासाठी नेमकी तीच कापणारा श्रीमंत. राजा संतापतो, अशा माणसाला मेलंच पाहिजे म्हणतो. तेव्हा कुठे नाथान म्हणतो, “तो मनुष्य तूच आहेस.” राजाचा राग पुरता वर येईपर्यंत तो थांबला होता. तुझ्याकडून मला हे थांबणं हवं आहे.

म्हणून माझा आग्रह ‘फँड्री’साठी आहे. २०१४ साली थिएटरांत आलेला नागराज मंजुळेंचा हा सिनेमा तुझ्या यादीत नाही, कदाचित त्यात कुठेच ‘ख्रिस्ती’ काही दिसलं नाही म्हणून. जब्या हा खालच्या मानलेल्या जातीतला शाळकरी मुलगा. त्याचं अख्खं घर डुकरामागे धावतंय आणि गाव कडेला उभं राहून मजा बघतंय, तो भाग सलग दाखव. शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि डुक्कर समोर असताना सगळे जिथल्या तिथे ताठ उभे राहतात. शेवटी जब्या दगड उचलतो आणि तो दगड सरळ आपल्या अंगावर येतो, पडद्यातून. नाथानचं वाक्यच आहे ते. दिवे लागले की घाईने बोलू नकोस. एवढंच विचार, त्या हसणाऱ्या माणसांत आपण कुठे उभे आहोत? लग्नं जमवताना आपल्या लोकांतही हळूच ‘मूळचे कोण’, म्हणजे कुठल्या जातीचे, असं विचारलं जातं, हे या मुलांनी घरी ऐकलेलं असतं. कुणी बोललं तर बोलू दे. कुणीच बोललं नाही तर ती शांतता प्रार्थनेने झाकू नकोस.

‘दो आँखें बारह हाथ’ तुझ्या यादीत आहे, त्याचा मला आनंद आहे. औंध संस्थानातल्या मुक्त तुरुंगाच्या प्रयोगावरून शांतारामबापूंनी १९५७ साली केलेला हा सिनेमा. सहा खुन्यांवर भरवसा टाकणारा जेलर अखेर त्यांच्याचसाठी जीव देतो, तेव्हा तुझी तुलना इथे बरीच जुळते. पण जिथे जुळत नाही तिथे जास्त वेळ दे. पळून जावंसं वाटलं तरी कैद्यांना अडवतात ते जेलरचे डोळे; तो गेल्यावरही डोळेच उरतात. लूक १५ मधल्या बापानेही घर सोडून गेलेल्या मुलाला परतताना दुरूनच पाहिलं होतं, आणि पाहताच धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडला. धाकाची नजर आणि वाट पाहणारी नजर यांतला हा फरक मुलांनी स्वतः शोधला पाहिजे. आपलं मध्यवर्ती कारागृह जुन्या किल्ल्यात, भर ठाण्यात आहे. तिथून सुटून आलेल्या माणसाला तुमच्या घरचे भाड्याने खोली देतील का, हे मुलांना विचारून बघ. ‘मी तुरुंगात होतो आणि तुम्ही माझ्याकडे आलात’ म्हणणारा मत्तय २५ त्यानंतरच उघड.

बाकीचं थोडक्यात. सिनेमा आधी स्वतः शेवटपर्यंत पाहा, यूट्यूबवरच्या तुकड्यांवर विसंबू नकोस. आठवी-नववीतली मुलंही येतात, तेव्हा सिनेमाचं सेन्सॉर प्रमाणपत्र बघ. आता यूएमध्येही ७+, १३+, १६+ असे भाग आहेत. आणि टेलिग्रामवरून चोरलेली प्रत संघात चालवायची नाही. त्यावर मी अडून बसेन.

सूडाच्या सिनेमांबद्दल तू विचारलं आहेस. ते घे, मुलं तेच बघतात. खलनायक मेल्यावर आपल्याला इतकं बरं का वाटलं, यावर त्यांना प्रामाणिकपणे बोलता आलं तर सूड देवावर सोपवायला सांगणारा रोमकरांस १२ वाचायला तीच योग्य वेळ.

‘फँड्री’ या आठवड्यात एकट्याने बघ आणि तुला स्वतःला कुठे लागलं ते मला लिही. मुलांसाठीचे प्रश्न त्यातून तयार करू. पहिल्या बैठकीला मी येईन, मागच्या बाकावर बसेन.

ख्रिस्तात तुझी,
मावशी