गुडघ्याच्या ऑपरेशनची फिरती पेटी

ताई, आईचा गुडघ्याचा सांधा बदलायचा आहे, सांधे पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस दुसऱ्या हॉस्पिटलातून थेट तुमच्याकडे पेट्या घेऊन आला आणि आईच्या गुडघ्यात वापरलेलंच काही घालतात की काय, अशी शंका तुम्हाला आली. मी २२ वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) सिस्टर आहे, म्हणून सांगते.

फिरतात त्या अवजारांच्या पेट्या: हाड कापताना करवतीला दिशा देणारे साचे (जिग), ड्रिल, मापाचे ट्रायल तुकडे. पूर्ण सेट विकत घेणं लहान हॉस्पिटलांना परवडत नाही. कृत्रिम सांधा मात्र नवाकोरा, सीलबंद आणि कारखान्यातच निर्जंतुक होऊन येतो. मांडीच्या हाडावर बसते ती टोपी बहुतेकदा कोबाल्ट-क्रोमची, मधली चकती पॉलिथिलीनची. ही चकती आमच्या १३४ अंशांच्या वाफेत घातली तर तिचा आकारच बिघडेल. म्हणून ती गॅमा किरणांनी किंवा वायूने निर्जंतुक करतात.

काळजी करायचीच तर अवजारं धुण्याची करा. पेटीवरच्या चिकटपट्टीवर काळ्या रेघा उमटल्या की नातेवाईक निश्चिंत होतात, पण रेघा उमटल्या म्हणजे पट्टी वाफेच्या मशीनमध्ये जाऊन आली, एवढंच. आत वाफ पोचली का, हे पेटीच्या आत ठेवलेल्या, रंग बदलणाऱ्या इंडिकेटरवरून बघायचं. बीजाणूंची (म्हणजे सहज न मरणाऱ्या जंतूंची) कुपीही मशीनमध्ये ठेवतात आणि नंतर उबवतात. त्यात काही वाढलं तर ती फेरी नापास.

आणि घाण आतच राहिली असेल तर वाफ तरी काय करणार? एकदा सकाळी ८ च्या केसची पेटी आदल्या रात्री ९ ला आली. सोबत ‘धुतलेलं आहे’ असा कागद. पोकळ रीमरमध्ये (हाड कोरायच्या अवजारात) बारीक ब्रश घातला, तर तपकिरी पाणी आणि हाडाचा चुरा बाहेर आला. सगळं पुन्हा धुवायला घेतलं, केस दुपारवर ढकलली. सर्जन तणतणले. तणतणू देत.

तेव्हा ओटी इन्चार्जना सरळ विचारा: पेटी केव्हा येणार, आणि इथे पुन्हा धुणार का? विचारल्याचा राग धरणारी इन्चार्ज मला तरी आवडत नाही.

सांध्याच्या खोक्यावरचे स्टिकर केसपेपरवर लावतात. त्यांचा फोटो काढून घ्या आणि बिलाशी ताडून बघा. गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे. फोटो डिलीट करू नका. पुढेमागे चकती झिजून बदलायची वेळ आली, तर नवा सर्जन सगळ्यात आधी कंपनी आणि साइझच विचारेल.