विमानतळ बंद कशाला करतात?

प्रश्न : मे २०२५ मधे भारत-पाकिस्तान लढाईत आमचं श्रीनगरचं फ्लाइट कॅन्सल झालं. लढाई सैन्याची, मग पॅसेंजरचा विमानतळ का बंद?

उत्तर : ताई, श्रीनगरची धावपट्टी हवाई दलाचीच, आपण तिथे पाहुणे. पुण्याचं लोहगावही तसंच, म्हणून तर फोटो काढला की ओरडतात. तेव्हा ३२ विमानतळ बंद होते, १२ मेला उघडले. पण नुसता नागरी असला तरी सुटका नाही हो, एवढा मोठा सपाट पसारा लपवणार कुठे, वर इंधनाच्या टाक्या. त्याच वर्षी ४ मेला येमेनच्या हुथी बंडखोरांचं मिसाइल इस्रायलमधे तेल अवीवच्या बेन गुरियन विमानतळावर टर्मिनलजवळच्या रस्त्याकडेला पडलं, हा मोठा खड्डा, आणि दिल्लीहून निघालेलं एअर इंडियाचं विमान अबुधाबीला वळवावं लागलं. दोनच दिवसांनी इस्रायलने येमेनचा सना विमानतळ फोडला, टर्मिनल गेलं, उभी विमानंही गेली. आणि चालू ठेवला तर काय होतं ते तेहरानला दिसलं, ८ जानेवारी २०२० ला तिथून उडालेलं युक्रेनचं विमान इराणच्याच मिसाइलने पाडलं, शत्रूचं समजून, १७६ माणसं गेली. त्या रात्री तेहरानचा विमानतळ बंद केला नव्हता.