शेवट बदलू नकोस

प्रिय,

तुझं पत्र पोचलं. दुसरीच्या मुलांना अनान्सेची गोष्ट सांगायचीय, पण हा जाळं विणणारा कोळी थापा मारतो, सगळ्यांना फसवतो आणि वर जिंकतो. म्हणून शेवटी त्याला माफी मागायला लावणार म्हणतेस. अगं, शेवट बदलू नकोस.

तुझी अडचण घानातल्या अकान लोकांनी केव्हाच सोडवलीय. गोष्टीच्या आधीच सांगणारा बजावतो, "आम्ही सांगतो ते खरं नाही हं, खरं नाही." हे वाक्य गाळलंस तर कोळी नुसता लबाड उरतो. वर्गाकडून दोनदा म्हणून घे. आणि त्याला पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतली, गोष्ट सुरू करतानाची "पाउक्वा! पाकावा!" ही हाळी जोडू नकोस. "आफ्रिकेतली गोष्ट" असंही म्हणू नकोस. अकान म्हण, नकाशात घाना दाखव.

गोष्टी आकाशदेव न्यामेकडे आहेत, आणि त्या मिळवायला अनान्सेला किंमत म्हणून चौघांना पकडायचंय: अजगर, गांधीलमाश्या, बिबट्या आणि मोआतिया ही रानातली बुटकी परी. चौघं एका तासात कोंबलेस तर मुलं तिसऱ्यापाशीच चुळबुळ करतात. सात वर्षांच्या मुलांना पहिले दोन पुरे, वीस मिनिटांत. अजगरासाठी खरी लांब काठी आण. "तू लांब की काठी?" असा वाद अनान्से आणि त्याची बायको आसो घालतात, अजगर मापासाठी काठीलगत आडवा होतो, आणि वेलाने बांधला जातो. गांधीलमाश्यांसाठी अनान्से भोपळ्याच्या तुंब्यातलं पाणी त्यांच्यावर शिंपडतो, उरलेलं स्वतःवर ओततो, डोक्यावर केळीचं पान धरतो. म्हणतो, "पाऊस आलाय, तुंब्यात शिरा!" शिरल्या की तोंड बंद.

संपल्यावर लगेच "काय शिकलात?" विचारलंस तर "खोटं बोलू नये" असं पाठ उत्तर येईल. मुलांना तुला काय हवंय ते कळतं. त्याऐवजी विचार, "अजगर काठीशेजारी का झोपला?" लांबीचा गर्व, पावसाची भीती, जो तो आपल्याच स्वभावाने अडकतो. हे मुलांना सापडू दे. माफी जोडलीस की ते शोधायचं कारणच जातं.

मध्येच गाणंही हवं. अकान लोकांत त्याला म्मोगुओ म्हणतात. ऐकणाराच गोष्ट थांबवून गातो. दोन ओळी बसव, प्रत्येक पकडीनंतर म्हणवून घे. चार ओळी केल्यास की गोष्टीचा धागा तुटतो.

मी हट्टी वाटेन, वाटू दे. पंचतंत्राचं आपण शिक्षकांनी हेच केलं. काळीज झाडावर राहिलंय ही माकडाची थाप मुलांना भारी आवडते, आणि आपण फळ्यावर तात्पर्य लिहीत बसलो. स्वाहिली किनाऱ्यावर हीच गोष्ट माकड आणि शार्कची म्हणून सांगतात. मगरीच्या जागी शार्क आला, थाप तीच राहिली. शेवट बदलू नकोस.

संपवतानाही त्यांचंच वाक्य घे: "ही माझी गोष्ट, गोड असो वा नसो, थोडी दुसरीकडे न्या, थोडी माझ्याकडे परत येऊ द्या." मुलांना ती घरी सांगायला लाव. दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं राखून ठेव. कुणाच्या आजीने कुठला प्राणी बदलला, ते ऐक.