धुक्यात धावपट्टी हुकते कशी?

प्रश्न : जानेवारी 2017 मध्ये किर्गिझस्तानातल्या मानास विमानतळाजवळ बोइंग 747 मालवाहू विमान वस्तीवर कोसळलं. ऑटोपायलट चालू असताना ते धावपट्टी ओलांडून पुढे कसं गेलं?

उत्तर : त्या पहाटे धुकं दाट होतं, पण बिघडायला सुरुवात झाली ती उंचीपासून. विमान ठरलेल्या उंचीपेक्षा बरंच वर राहून धावपट्टीकडे येत होतं.

धावपट्टीशेजारचा ग्लाइडस्लोप अँटेना रेडिओलहरींनी 3 अंशांची उतरण आखून देतो. त्याच लहरींतून साधारण 9 अंशांवर आणखी एक, खोटी उतरण तयार होते. हा यंत्रातला बिघाड नसून त्या रचनेचा गुणधर्मच आहे. म्हणून खरी उतरण नेहमी खालून गाठायची असा दंडक आहे. 3 अंशांच्या वर राहून जवळ येणाऱ्या विमानाला पुढे खोटीच भेटते. मानासला तेच झालं. ऑटोपायलटने क्षणभर ती पकडली आणि लगेच संकेत विस्कळीत झाला. तरीही ऑटोपायलट सुटला नाही. इशारा देऊन तो आपल्या अंदाजाने 3 अंशांनी विमान खाली नेत राहिला. उतरण बरोबर होती, पण तिची जागा पुढे सरकली होती, त्यामुळे 4,200 मीटरची धावपट्टी पोटाखालून निघून गेली.

हे वेळीच पकडता येतं आणि त्यासाठी धुक्यातून काही दिसावं लागत नाही. 3 अंशांच्या उतरणीवर दर सागरी मैलाला सुमारे 320 फूट उंची लागते : 5 मैलांवर 1,600, 2 मैलांवर साधारण 650. ती खोटी उतरण पकडली गेली तेव्हा धावपट्टी जेमतेम मैलभरावर होती. तिथे जमिनीपासून 400 फुटांच्या आसपास असायला हवं, विमान होतं सुमारे 1,300 फुटांवर. एवढा फरक दिसला की तिथूनच गो-अराउंड घ्यायचा, म्हणजे इंजिनांना पूर्ण जोर देऊन पुन्हा वर जायचं. उतरण दाखवणारा काटा मध्यावर आला एवढ्यावर कधीच विसंबू नये. अंतर आणि उंची यांचा मेळ घालायलाच हवा. निर्णयाच्या उंचीवर, म्हणजे उतरायचं की नाही हे ठरवायच्या शेवटच्या उंचीवर, धावपट्टीचे दिवे दिसले नाहीत तरी गो-अराउंडच घ्यायचा. इथे गो-अराउंड फार उशिरा आला. विमानातले चौघे आणि वस्तीतली 35 माणसं गेली. घरात झोपलेल्या माणसांच्या वाट्याला हे यावं, याची चीड येते.

प्रश्न : जोराच्या वाऱ्यात विमान टेकताना उसळलं, तर वैमानिकाने काय करावं?

उत्तर : नाक खाली दाबू नये. 23 मार्च 2009 रोजी जपानच्या नारिता विमानतळावर झटक्यांच्या वाऱ्यात एमडी-11 मालवाहू विमान टेकलं, उसळलं, नाक खाली गेलं आणि पुढचं चाक आदळून ते आणखी जोरात उसळलं. तिसऱ्या आदळण्यात डाव्या मुख्य चाकांवरचा भार पंखाला पेलला नाही. पंख मोडला, विमान उलटून पेटलं. दोन्ही वैमानिक दगावले. उसळी लहान असेल आणि पुढे धावपट्टी पुरेशी असेल, तर नाकाचा कोन तसाच धरून, थोडा जोर देऊन विमान हळूच टेकू द्यावं. उसळी मोठी असेल तर लगेच गो-अराउंड. दुसऱ्या उसळीची वाट पाहू नये. हाताची प्रतिक्रिया विमानाच्या हालचालीमागे पडते आणि प्रत्येक दुरुस्ती पुढची उसळी वाढवते.