गरोदरपणात वाढलेले वजन आणि बाळाचे पुढचे आरोग्य

प्रश्न : माझा सातवा महिना संपत आला आहे. दिवस राहिले तेव्हा माझे वजन ५६ किलो होते, आज ते ७० किलो आहे. उंची १५८ सेंटिमीटर. वजन प्रमाणाबाहेर वाढले, असे डॉक्टर म्हणाले. अशा आईच्या मुलांना पुढे लठ्ठपणा आणि मधुमेह होतो, असे नंतर वाचनात आले आणि तेव्हापासून झोप उडाली आहे. मी बाळाचे आयुष्यभराचे नुकसान करून ठेवले आहे का? आता खाणे निम्म्यावर आणले तर ते भरून निघेल का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते तातडीचे आहे. खाणे निम्म्यावर मुळीच आणू नका. शेवटच्या तीन महिन्यांत बाळाचे वजन सर्वांत झपाट्याने वाढते, आणि या काळात उपासमार करून वजन उतरवणाऱ्या आईचे बाळ खुरटलेले जन्मण्याचा धोका असतो.

अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ मध्ये ठरवलेल्या मर्यादा आज अनेक देशांत वापरल्या जातात. तुमचा मूळ बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा अंक) २२ च्या आसपास, म्हणजे निरोगी होता. अशा स्त्रीसाठी पूर्ण गरोदरपणात ११.५ ते १६ किलो वाढ योग्य मानली जाते. मुळात वजन कमी असेल तर ही मर्यादा १२.५ ते १८ किलो, आणि लठ्ठपणा असेल तर ५ ते ९ किलो इतकी आहे. तुमची वाढ पुढे धावते आहे हे डॉक्टरांचे म्हणणे खरे आहे, परंतु त्यावरून बाळाचे भविष्य ठरून गेले असे म्हणता येत नाही.

आईच्या रक्तातील साखर वारेतून बाळाकडे जाते, पण आईचे इन्शुलिन जात नाही. साखर सतत जास्त राहिली तर बाळाचे स्वादुपिंड स्वतःच अधिक इन्शुलिन तयार करते, आणि त्या इन्शुलिनमुळे बाळाच्या अंगावर चरबी साठते. म्हणूनच वजनाच्या काट्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्वाची आहे ती साखरेची तपासणी. ती साधारणपणे २४ ते २८ व्या आठवड्यात केली जाते. तुमची राहिली असेल तर याच आठवड्यात करून घ्या.

आता संशोधनाविषयी. ज्या स्त्रियांचे वजन जास्त वाढते त्यांची मुले पुढे अधिक स्थूल आढळतात, हे अनेक देशांत दिसले आहे. मात्र आई आणि मूल यांची जनुके जुळतात, घर एक असते, ताटातले अन्नही एकच असते. मग दोष गर्भातल्या नऊ महिन्यांचा किती आणि पुढच्या दहा वर्षांचा किती? हे वेगळे काढण्यासाठी अमेरिकेतील संशोधकांनी एकाच आईच्या मुलांची आपसांत तुलना केली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा अभ्यासात २४ किलोंहून अधिक वजन वाढलेल्या खेपेचे बाळ ८ ते १० किलो वाढलेल्या खेपेच्या बाळापेक्षा सुमारे १५० ग्रॅम जड निघाले. २०१३ च्या पुढच्या अभ्यासात साधारण बारा वर्षांच्या मुलांकडे पाहिले, तेव्हा सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त वाढ यांतून पडणारा फरक बीएमआयच्या अर्ध्या अंकाहूनही कमी होता. परिणाम खरा आहे, पण एका मुलापुरता पाहिला तर लहान आहे. युरोप, उत्तर अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातील १ लाख ६२ हजार मातांची माहिती एकत्र करून २०१९ मध्ये मांडलेला निष्कर्षही असाच आहे : मुलाच्या स्थूलतेशी आईच्या गरोदरपणापूर्वीच्या वजनाचा संबंध अधिक घट्ट आहे, गरोदरपणातील जादा वाढ त्यात थोडीच भर घालते. तुमचे आधीचे वजन निरोगी होते, ही बाळाच्या बाजूची मोठी गोष्ट आहे.

दोन जिवांची म्हणून दुप्पट खाण्याची गरज कधीच नसते. शेवटच्या तिमाहीत रोज सुमारे ४५० कॅलरी जास्त लागतात, तेवढेच. गोड पेये आणि तळलेले पदार्थ बाजूला ठेवा, डॉक्टरांची हरकत नसेल तर रोज चाला, आणि आठवड्याला वाढ ४०० ग्रॅमच्या आसपास राहील असे पाहा. वजन एकाएकी वाढले आणि सोबत चेहऱ्यावर सूज, डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तो आहाराचा प्रश्न नव्हे. रक्तदाब वाढलेला असू शकतो, त्याच दिवशी रुग्णालयात जा.

प्रश्न : माझे उलटे झाले. वजन जेमतेम सहा किलो वाढले आणि मुलगी २.२ किलोची जन्मली. आता ती तीन वर्षांची आहे. तिला भरपूर खाऊ घालून ही कसर भरून काढावी का?

उत्तर : भरपूर नको, पुरेसे द्या. इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यात जन्मलेल्या पुरुषांच्या नोंदी तपासून संशोधक डेव्हिड बार्कर यांनी १९८९ मध्ये दाखवले की जन्मवजन कमी असलेल्यांमध्ये पुढे हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक होते. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यात ज्यांच्या आयांची गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्या काळात उपासमार झाली, ते मुलगे एकोणीस वर्षांचे झाल्यावर त्यांच्यात लठ्ठपणा अधिक आढळला. लहान जन्मलेले मूल पुढे वेगाने जाड होणे हे त्याच्या हृदयाला आणि साखरेच्या नियंत्रणाला जाचक ठरते. तिची उंची आणि वजन दोन्ही बालरोगतज्ज्ञांच्या आलेखावर नोंदवत राहा. उंचीबरोबर वजन चालत असेल तर तिच्या भुकेवर विश्वास ठेवा, आग्रहाने एकही घास भरवू नका. वजन उंचीला मागे टाकू लागले, तर डॉक्टरांना लगेच दाखवा.