फ्लॉपीतल्या कविता

प्रश्न: बाबांनी २००१ च्या आसपास विंडोज ९८ वर टाइप केलेल्या कविता ३ फ्लॉप्यांवर सापडल्यात. एक उघडली, पण मराठीच्या जागी नुसती एबीसीडी आणि चिन्हं दिसतायत. फाइल गेली का हो?

उत्तर: अहो गेली कुठे, आहे की! तेव्हा युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र कोड देणारी, आता सगळीकडे चालणारी पद्धत) फारसं कोणी वापरत नव्हतं, श्रीलिपी नाहीतर कृतिदेव असल्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच कोडवर मराठी आकार बसवलेले असायचे, त्यामुळे तो फॉन्ट मशीनवर नसला की असा खिचडा दिसतो. वर्डमध्ये फॉन्टचं नाव बघा, तोच फॉन्ट टाका, मग त्याच फॉन्टच्या कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या (जोडाक्षरं आणि रफार हमखास गंडतात, ते हातानेच नीट करावं लागतं).

बाकीच्या दोन फ्लॉप्यांचं मात्र जपून. आधी कोपऱ्यातली खिटी सरकवून भोक उघडं करा म्हणजे त्यावर काही लिहिलं जाणार नाही, आणि कॉम्प्युटरने 'फॉरमॅट करू का' विचारलं तर चुकूनही हो म्हणू नका, माझा एक अख्खा दिवाळी अंक तसाच गेलाय. चकतीवर बुरशीचे ठिपके दिसले तर ड्राइव्हमध्ये घालूच नका, ड्राइव्हचं चकती वाचणारं हेड खराब होतं.