रात्रीत कोंबड्या मारल्या गेल्यात ना? मग मुंगूस बाजूला ठेवा, आधी छपराखालची फट बघा

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. नव्यानेच कोंबड्या घेतल्यात, सकाळी खुराडं उघडलं तर दोघींच्या माना चावलेल्या, एक गायब, उरलेल्या सगळ्या एका कोपऱ्यात एकमेकींवर चढून बसलेल्या. कडी जशीच्या तशी, जमीन कुठे उकरलेली नाही. शेजारी म्हणतात मुंगूस आहे, पिंजरा लावा. कुणी विष ठेवायला सांगतंय. आणि तुमचा प्रश्न आहे की कुंपण किती उंच करू. आमच्याकडे अगदी हेच झालं होतं, त्या कोपऱ्यातल्या ढिगासकट.

अंधार पडायच्या आत दार लावणं, लावताना कोंबड्या मोजणं हे तुम्ही करतच असाल, त्यावर वेळ घालवत नाही.

आधी मुंगसाचं. मुंगूस दिवसा फिरतं. ते अंडी पळवतं, पिल्लं उचलतं, मोठी कोंबडीही मारतं, पण हे सगळं उजेडात. तुम्ही रात्री मोजून दार लावलंत आणि उजाडायच्या आधीच उघडलंत, तर त्याच्यावर आळ घेण्यात अर्थ नाही. (उन्हं वर आल्यावर उघडत असाल तर मात्र त्यालाही यादीत ठेवा.) रात्रीचे चोर वेगळे: उदमांजर, रानमांजर, कोल्हा, भटकी कुत्री. हा फरक कळला नाही की माणूस भलत्याच दिशेला खर्च करत बसतो.

आमचा खर्च असाच झाला, आणि त्याला कारण एक कार्यालय. नाव घेत नाही. खुराडं बांधलं तेच मुळी त्यांनी दिलेल्या नमुना आराखड्यावरून. त्यात वारा खेळावा म्हणून भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये चारी बाजूंनी फट सोडलेली होती. वारा हवाच, त्याबद्दल वाद नाही. कोंबड्यांच्या विष्ठेचा अमोनिया साठला की त्यांचे डोळे आणि श्वास दोन्ही बिघडतात. पण त्या फटीला जाळी मारायची, हे आराखड्यात कुठेही नव्हतं. पहिल्या कोंबड्या गेल्यावर मी त्याच कार्यालयात गेले. मोबाइलमध्ये जखमांचे फोटो होते, खुराड्याचे चारी बाजूंनी काढलेले फोटो होते. ते कुणी पाहिले नाहीत. ‘मोठं जनावर असेल तरच नोंद होते, नाहीतर आमचं काम नाही,’ असं एका टेबलावर सांगितलं. दुसऱ्या टेबलावर अर्ज द्या म्हणाले. अर्ज दिला. त्यावर तोंडी उत्तर मिळालं की मुंगूस असणार, कुंपण उंच करा आणि पिंजरा लावा. उत्तर देणाऱ्याने विचारलंसुद्धा नाही की कोंबड्या कुठल्या वेळी मेल्या.

आम्ही कुंपण उंच केलं. पिंजरा लावला, त्यात शेजारचं मांजर अडकलं. आणि त्या सगळ्या काळात खरं जनावर रात्री झाडावरून पत्र्यावर उतरत होतं, फटीतून आत येत होतं आणि पोट भरून त्याच वाटेने परत जात होतं. अंड्यावर आलेल्या तलंगा एकेक करून गेल्या. अजून राग येतो तो कोंबड्या गेल्याचा नाही इतका, जितका ते फोटो कुणी पाहिले नाहीत याचा. पाहिले असते तर फट त्यांनाही दिसली असती.

शेवटी उलगडा झाला तो चुलीच्या राखेने. बारीक चाळलेली राख (मैदा किंवा बारीक वाळूही चालेल) संध्याकाळी दारासमोर, भिंतीच्या कडेने आणि वरच्या वाशांवर पातळ पसरली. सकाळी जमिनीवर काही नव्हतं. वाशावर मात्र पावलं होती, प्रत्येकात पाच बोटं. फटीजवळ लाकूड घासून घासून काळपट, तेलकट झालेलं होतं आणि एका खिळ्याच्या डोक्यात राखाडी-काळे चार केस अडकले होते. उदमांजर. पावलांचा हिशोब लक्षात ठेवा: कुत्रा आणि कोल्हा यांची चार बोटं उमटतात आणि पुढे नखांचे ठसे असतात, मांजर-रानमांजराची चार बोटं, पण नखं उमटत नाहीत, कारण ती आत ओढलेली असतात, उदमांजर आणि मुंगूस यांची बोटं पाच. मग वेळ बघा. रात्रीची पाच बोटं म्हणजे बहुधा उदमांजर.

मेलेल्या कोंबड्याही बरंच सांगतात. पाच-सहा मारून नुसत्या टाकून दिल्या असतील तर कुत्र्याचा संशय घ्या. अख्खी कोंबडी नाहीशी आणि चार पिसं सोडून मागे काही नाही, तर रानमांजर किंवा कोल्हा. मोकळ्यावर एका जागी पिसांचा गोल ढीग आणि छातीचं मांस खाल्लेलं, तर शिकारी पक्षी. अंडी सबंध नाहीशी होत असतील तर साप. जाळीला लागून धड पडलंय आणि डोकं नाही, म्हणजे बाहेरून पंजा घालून ओढलंय. हे सगळं ‘बहुतेक वेळा’ असं समजा, जनावरं नियमाने वागत नाहीत. आणि हो, कातडीखाली रक्त साकळलेलं नसेल तर कोंबडी आधी मेली आणि नंतर कुरतडली गेली असं धरा. अंगावर जखम नसताना एकापाठोपाठ एक मरत असतील तर तो शिकारीचा विषयच नाही, मानमोडीसारखा रोग असू शकतो. हातमोजे घाला, बाकीच्यांना वेगळं करा आणि पशुवैद्यांना बोलवा. मी स्वतः पशुवैद्य नाही, परसातल्या कोंबड्यांपलीकडचा अनुभवही नाही. मोठ्या शेडची गणितं वेगळी असतात.

आता जाळी. दुकानात ‘कोंबडीची जाळी’ म्हणून जी षटकोनी, पातळ तारेची जाळी मिळते, ती कोंबडी आत ठेवायला ठीक आहे. जनावर बाहेर ठेवायला तिचा उपयोग नाही. कुत्रा ती दातांनी फाडतो, उंदीर सरळ भोकातून येतो. रात्रीच्या खुराड्याला वेल्ड केलेली, 12-13 मिलिमीटर चौकोनाची जाडसर जाळी लावा. महाग पडते, मला मान्य आहे, पण सगळ्या आवाराला लावायची गरजच नाही. फक्त जिथे कोंबड्या झोपतात तेवढ्या खोलीला लावा. आवाराला साधी जाळी पुरते. आणि जाळी नुसत्या खिळ्यांनी ठोकू नका, वर लाकडी पट्टी ठेवून स्क्रूने आवळा. कुत्र्याने अंग टाकलं की खिळे पटापट निघतात. वरच्या फटी, पत्र्याच्या पन्हळींखालची भोकं, दाराच्या खालची उंबऱ्याजवळची जागा, सगळीकडे हीच जाळी. आत उभं राहून दार लावून घ्या आणि भर दुपारी बघा, जिथून उजेड येतो तिथून काहीतरी आत येऊ शकतं.

जमिनीखाली जाळी पुरण्यापेक्षा मला बाहेरच्या बाजूला आडवी अंथरणं जास्त पटतं. भिंतीच्या पायापासून बाहेर 40-50 सेंटिमीटर जाळी पसरायची, भिंतीशी घट्ट बांधायची, वर माती-दगड टाकायचे. उकरणारं जनावर भिंतीला चिकटून उकरायला लागतं, जाळी लागते. मागे सरकून लांबून सुरुवात करायचं त्याला सहसा सुचत नाही.

बसायची दांडी जाळीच्या भिंतीपासून लांब हवी. अंधारात कोंबडीला जवळजवळ दिसत नाही, ती दांडीवर जिथे बसली तिथून हलत नाही. जाळीला टेकून झोपलेली कोंबडी म्हणजे बाहेरच्याला आयतं ताट. कडीही साधी नको, दोन वेगवेगळ्या हालचाली केल्याशिवाय उघडणार नाही अशी लावा.

विषाबद्दल स्पष्टच सांगते: ठेवू नका. विष खाल्लेला उंदीर घुबड खातं, मांजर खातं, कधी आपलाच कुत्रा खातो, आणि तुमचे साप-उंदीर फुकटात आटोक्यात ठेवणारे तेच असतात. शिवाय यातल्या बऱ्याच प्राण्यांना कायद्याचं संरक्षण असतं, पकडून लांब सोडणंसुद्धा गुन्हा ठरू शकतो. आणि सोडून काही साधत नाही. फट तशीच राहिली तर रिकाम्या जागेत दुसरं येतं. डांबरगोळ्या, फिनेल यांनी साप जात नाही. लुकलुकणारे दिवे, बुजगावणी थोडे दिवस चालतात, मग जनावर सरावतं. घरची वीज थेट कुंपणाच्या तारेत सोडण्याचा सल्ला कुणी दिला तर त्या माणसाचं पुढे काही ऐकू नका. त्याने माणसं मरतात. वीजकुंपण करायचंच तर त्यासाठी बनवलेलं, ठरावीक अंतराने झटके देणारं यंत्रच वापरा.

मुंगसाखेरीज दिवसाचा धोका राहतो तो घार आणि शिक्रा यांचा, मुख्यतः पिल्लांना. वरून जाळं बांधा, नाहीतर निदान दाट झुडपं, जुनं टेबल, पालथी पाटी असा आडोसा ठेवा. एक जाणता कोंबडा असेल तर फार बरं. आकाशातल्या धोक्याला त्याची हाक वेगळी असते आणि जमिनीवरच्या धोक्याला वेगळी. कोंबड्या त्याप्रमाणे आडोशाला पळतात किंवा मान वर करून उभ्या राहतात. पण तो कुत्र्याशी लढेल अशी अपेक्षा ठेवू नका.

रात्री खाद्य आत ठेवू नका. सांडलेल्या दाण्यांवर उंदीर-घुशी येतात, त्यांच्यामागे साप. दाणे झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, अंडी त्याच दिवशी गोळा.

तुमच्या वाचलेल्या कोंबड्यांपैकी एखादीच्या पंखाखाली जखम आहे का, पिसं फुंकून बघा. दातांचं भोक वरून दिसत नाही आणि आत पू होतो. मिठाच्या कोमट पाण्याने धुवा, अंधाऱ्या, उबदार, शांत जागी वेगळी ठेवा. रक्त दिसलं की बाकीच्या तिलाच टोचायला लागतात. आणि कुठल्याही जनावराने तुम्हाला चावलं किंवा ओरबाडलं तर 15 मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवून त्याच दिवशी दवाखान्यात जा. रेबीजच्या बाबतीत उद्यावर ढकलणं नाही.

आज रात्रीपुरतं सांगायचं तर, एकदा शिकार मिळाली की जनावर लवकरच परत येतं, म्हणून जाळी येईपर्यंत कोंबड्या न्हाणीत किंवा मोठ्या डालग्याखाली घरातच ठेवा. खुराडं रिकामं ठेवून आत, वाशांवर आणि दाराबाहेर राख पसरा. सकाळी ठसे मिळाले तर शेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढा आणि इथेच टाका, म्हणजे आकाराचा अंदाज येईल. त्याआधी कुंपणाला हात लावू नका.